सात लांडगे परवडले

आमच्याकडे म्हणतात, दारात भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले. लग्न होऊन मी आक-जार गावी आले तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात ही म्हण मला ऐकवली होती आणि मी मूर्खासारखी हसले होते. भाचा म्हणजे बहिणीचा मुलगा. त्यानं मामाच्या घरात येऊन बोट दाखवलं की ती वस्तू त्याची झाली. आयुष्यात तीनदा मागायचा त्याला हक्क आहे, आणि तीनही वेळा मामानं नाही म्हणायचं नाही. रागावून भाच्यावर हात उचलला तर त्या मामाचे हात जन्मभर कापत राहतात. माझ्या माहेरी एका म्हाताऱ्याचे तसे कापताना मी पाहिलेत. चहाची वाटी तोंडापर्यंत पोचेस्तोवर निम्मी सांडायची.

माझा म्हातारा, बेइशेन, याला एकच बहीण होती, बुरुल. ती गेली आणि तिचा एकुलता मेलिस मागे राहिला. मेलिस म्हणजे कातडी कोट, रुंद खांदे आणि त्याहून रुंद तोंड. शहरातून येणाऱ्या पाहुण्यांना तो डोंगरात रानबोकडांच्या शिकारीला घेऊन जातो आणि परत आला की पाहुण्यानं मारलेला बोकडही स्वतःच मारल्याचं सांगतो. पण बुरुलचं पोर म्हणून माझा म्हातारा त्याचं सगळं ऐकून घ्यायचा. म्हातारा आधीच गरीब गाय. गावात कुणालाही टोपी घालायची हुक्की आली की आमच्या दाराकडेच पाय वळायचे.

आमच्या तीन घोड्या होत्या. जुन्या सरकारचं राज्य होतं तेव्हा लांडगे मारायला पगारी शिकारी असायचे. राज्य मोडलं, शिकारी गेले, लांडगे राहिले. दोन हिवाळ्यांत दोन घोड्या त्यांनी खाल्ल्या. उरली तोरू आणि तिची वर्षाची शिंगी. उन्हाळाभर तोरूच्या दुधाचं कुमिस आंबवून मी रस्त्याकाठी विकायची, आणि घरातला चहा, पीठ, म्हाताऱ्याचे बूट, सगळं त्या एका घोडीच्या आचळांतून यायचं. शिवाय ती पुन्हा गाभण होती. म्हणजे तोरू गेली असती तर आम्ही दोघं गेल्यातच जमा होतो.

घरात म्हाताऱ्याच्या बापाच्या वेळची एक छर्ऱ्याची बंदूक होती. तिचा पल्ला लांडग्यांना आमच्यापेक्षा चांगला ठाऊक. ते ओढ्याच्या पलीकडे येऊन बसायचे, छर्रा जिथवर पोचत नाही बरोबर तिथे, आणि जांभया द्यायचे. म्हाताऱ्यानं एक दिवस बंदूक खाली ठेवली आणि म्हणाला, रायफल घ्यायला पाहिजे. त्याच्याकडे परवाना होता. मी म्हटलं, चला, पण मीही येते.

तालुक्याच्या दुकानात काचेमागे नव्या रायफली उभ्या होत्या, वर दुर्बिणी बसवलेल्या. दुकानदारानं एकेक काढून पुढे ठेवली. ही बर्फात गंजत नाही, हिचा धक्का बसत नाही, हिच्यानं अमक्या साहेबानं एवढ्या लांबून बोकड पाडला, असं त्याचं चालू होतं. म्हातारा सगळं नीट ऐकत होता. शेवटी त्यानं किंमत विचारली. दुकानदारानं सांगितली, ती एका दुभत्या घोडीची किंमत होती.

"घोडी राखायला घोडी विकायची म्हणजे," म्हातारा हळूच म्हणाला आणि टोपी घालून बाहेर पडला.

बाजाराच्या मागे एक लंगडा माणूस जुन्या रायफली विकायचा. त्यानं लोकरीच्या नमद्यावर तीन मांडून ठेवल्या होत्या. इथे माझ्या नवऱ्याचा रंग बदललेला मी पाहिला. घरात मीठ कुठे ठेवलंय ते न सापडणारा माणूस, पण रायफल हातात आली की निराळाच. नळी बंद करणारा मागचा खटका काढून तो नळीतून आभाळाकडे बघत राहिला. मग याच कामासाठी सोबत आणलेलं एक काडतूस खिशातून काढून गोळीचं टोक नळीच्या तोंडात घालून पाहिलं. पहिल्या रायफलीत गोळी पार गळ्यापर्यंत आत गेली. म्हणजे आतून झिजलेली, गोळी आत डुगडुगणार. ती त्यानं बाजूला ठेवली. दुसरीच्या तोंडावरून नख फिरवलं, ते एका जागी अडलं. "ओठ फाटलाय," तो मला म्हणाला. "ओठ फाटका असला की थुंकी वाकडी जाते." तिसरीच्या नळी आणि लाकडी दस्त्याच्या मधून त्यानं वर्तमानपत्राचा तुकडा ओढत नेला, तो कुठेही अडकला नाही, म्हणजे लाकूड नळीला कुठे दाबत नव्हतं. खटका घट्ट होता, ओठ धड होता. ती त्यानं बराच वेळ खांद्याला लावून धरली. पण लंगड्यालाही ती काय आहे ते ठाऊक होतं. किंमत ऐकून म्हाताऱ्यानं ती पुन्हा नमद्यावर ठेवली, आणि आम्ही रिकाम्या हातानं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मेलिस हजर. बाजारातली बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. चहा पिता पिता म्हणाला, मामा, परक्याच्या दारी कशाला जायचं? माझ्याकडे नवी दुर्बिणीची आली आहे, जुनी भिंतीवर टांगून आहे. दोन मेंढ्या दे आणि घेऊन जा. घरातली वस्तू घरात राहील.

रायफल त्यानं घोड्यावरून आणलीच होती. म्हाताऱ्यानं ती तशीच तपासली. नळी आतून आरशासारखी. गोळीचं टोक जेवढं जावं तेवढंच गेलं. ओठ धड, खटका घट्ट. फक्त दस्ता मुठीजवळ चिरला होता आणि त्यावर तार गुंडाळली होती. एवढी चांगली रायफल दोन मेंढ्यांना का, हे मलाही कळेना आणि त्यालाही. गोळी कुठे पडते ते डोळ्यांनी दिसत नाही, त्यासाठी झाडूनच पाहावी लागते. त्यानं खिशातून तीन काडतुसं काढली.

मेलिसनं चहाची वाटी खाली ठेवली. "मामा, माझ्या आईच्या दुधावर तुझा भरवसा नाही?"

म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला. काडतुसं खिशात गेली. मी डोळ्यांनी खुणावलं, मग कोपरानं ढोसलं, पण बहिणीचं नाव निघालं की या माणसाची अक्कल गहाण पडते. दोन मेंढ्या गेल्या, त्याही चांगल्या.

शुक्रवारी नमाजानंतर मेलिस गावातले दहाबारा पुरुष घेऊन आमच्या अंगणात आला. म्हणाला, मामाची नवी रायफल बघायला आलोय. म्हातारा खुशीत होता. शंभर पावलांवर मातीच्या दरडीपुढे एक मोठा दगड आहे, त्यावर त्यानं शेणाची गोवरी उभी केली. आडवा पडला, श्वास धरला, झाडली. गोवरी जागच्या जागी. दुसरी झाडली. गोवरी तशीच. तिसरीलाही ती हलली नाही, आणि सगळं अंगण हसायला लागलं. मेलिस तर पोट धरून बर्फात बसला. उन्हाळाभर तिच्यानं एक बोकड पडला नाही, असं त्यानंच सगळ्यांना सांगितलं. फाटकाला अडसर म्हणून लावणार होतो, म्हणे, तेवढ्यात मामा बाजारात फिरतोय असं कळलं. कुणीतरी म्हणालं, भाच्यानं मामाला चांगलाच मामा बनवला. कुणी म्हणालं, बेइशेन, खुंट्या ठोकायला उपयोगी पडेल. मी दारात उभी होते. हातात पळी होती आणि ती कुणाच्या टाळक्यात घालावी ते ठरत नव्हतं, कारण सगळीच टाळकी लायकीची होती.

म्हातारा उठला आणि दगडाकडे चालू लागला. लोकांना वाटलं, तोंड लपवायला गेला. तो मात्र गोवरीकडे न बघता मागच्या दरडीशी गेला आणि खाली वाकून काहीतरी चाचपत राहिला. मेलिसच्या मंडळींचं हसून झालं, ते निघून गेले. मग म्हातारा परत आला. मी तोंडाला येईल ते बोलत होते. त्याच्या सात पिढ्यांना मी भोळेपणाच्या शिव्या दिल्या. तो ऐकत बसला, आणि त्याच्या ओठांवर चक्क हसू होतं.

"तुझी चहाची वाटी तिन्ही भोकांवर पालथी घातली तर झाकतील," तो म्हणाला. "गोवरीच्या डावीकडे, दीड वीत. तिन्ही एकाच जागी."

मी म्हटलं, मग? चुकल्या त्या चुकल्याच ना?

"रोज वेगळं खोटं बोलणाऱ्या माणसाचं काही करता येत नाही," तो म्हणाला. "रोज एकच खोटं बोलत असेल तर करता येतं. ही वाकडी आहे, पण इमानी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माझी सुई मागून घेतली. नळीच्या टोकावर नेम धरायची माशी असते. ती जिथे बसली होती तिथे त्यानं सुईनं एक बारीक रेघ ओढली. मग पितळी खिळा लावून हातोडीनं माशीला हलकेच एक टोला दिला, मग आणखी एक. गोळी जिकडे जाते तिकडेच माशी सरकवायची असते म्हणे. डोळ्याला फरक दिसला नसता इतकी ती सरकली. चिरलेल्या दस्त्यावर त्यानं बकरीचं ओलं कातडं ताणून शिवलं, ते वाळून दगडासारखं झालं. आणि मी आपली, करायचं असतं म्हणून, रायफलीभोवती आर्चाच्या, म्हणजे आमच्या डोंगरातल्या जुनिपरच्या, फांद्यांची धुरी फिरवली. शेजारणींनी कातडं पाहिलं, धुराचा वास घेतला. माशी काही कुणी पाहिली नाही.

पहिलं मोठं बर्फ पडलं आणि लांडगे ओढ्यापलीकडे येऊन बसले, त्यांच्या नेहमीच्या जागी. म्हातारा गोठ्याच्या भिंतीआड पडून होता. आवाज झाला आणि पुढची मोठी लांडगीण, जी जांभई देत होती, ती तोंड न मिटताच आडवी झाली. बाकीचे पळायलाही विसरले. दुसरा उठून उभा राहिला आणि दुसऱ्या गोळीला तिथेच बसला. मला एवढा आनंद लग्नातही झाला नव्हता. मी ओढा ओलांडून गेले आणि त्या लांडगिणीला लाथ घातली, आमच्या दोन घोड्यांच्या नावानं दोन.

रिवाजाप्रमाणे म्हाताऱ्यानं लांडग्याचं रक्त रायफलीच्या नळीला लावलं. महिन्याभरात आणखी तीन पडले आणि गावाचं डोकं चालायला लागलं. आंधळी रायफल होती, बेइशेननं तिला कातडं बांधलं, धुरी दिली, रक्त पाजलं, तिचे डोळे उघडले, असं जो तो सांगू लागला. आमच्या गावात मानतात की रक्त प्यायलेली रायफल पुन्हा दगडावर किंवा गोवरीवर झाडायची नसते. झाडली की ती चिडते आणि आंधळी होते. म्हातारा ऐकून गप्प बसायचा. मी विचारलं, सांगून का टाकत नाही? तो म्हणाला, कुणी विचारलंय का?

गावाच्या कुरणाचा कारभार ओस्मोन हा अक्साकाल, म्हणजे गावचा वडीलधारा, बघतो. ऐंशीचा आहे, पण जीभ विशीतली. त्यानं सगळ्या घरांना बोलावून ठरवलं की यंदा गावच्या घोड्यांवर बेइशेन राखण करील आणि वसंतात प्रत्येक घर त्याला एक कोकरू देईल. मेलिस तिथेच होता. त्याला खात्री होती की ही राखण त्यालाच मिळणार, दुर्बिणीची रायफल घेऊनच तो आला होता. त्याच्याकडे बघत ओस्मोन म्हणाला, "रायफल पहिल्यापासून चांगलीच असणार. तिला फक्त वाईट खांदा मिळाला होता."

जे लोक आमच्या अंगणात हसले होते तेच आता मेलिसला हसले. आमच्या गावाचं असं आहे, हसायला माणूस लागतो, तो कोण याच्याशी कर्तव्य नाही. मी घरी येऊन पिठाचे बोरसोक तळले आणि अर्ध्या गल्लीला वाटले.

तिसऱ्या दिवशी मेलिस आमच्या दारात. चहा घेतला, बोरसोक खाल्ले, आईची आठवण काढली. मग भिंतीकडे बोट दाखवलं.

"मामा, आजवर मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे पहिलं."

मी चुलीपाशी होते. हातातली वाटी मी अशी आदळली की तिचा टवका उडाला. दोन मेंढ्या घेऊन फसवलंस, आता फुकट परत नेतोस, एवढं तरी बोलावं असं मला फार वाटलं. पण भाच्याच्या मागण्यापुढे मामीला तोंड नसतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. म्हाताऱ्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रायफलीकडे. मग म्हणाला, पुसून देतो, आणि रायफल घेऊन मागच्या खोपटात गेला.

तिथून हातोडीचे दोन टोले ऐकू आले. हलके, पितळेवरचे. मला ते कळले. मेलिस तेव्हा लोणी लावून नान खात होता, त्याला कशाला कळतात! मी त्याला आणखी लोणी वाढलं. खरं सांगते, मेलिसला इतक्या प्रेमानं मी त्याआधी कधी वाढलं नव्हतं.

म्हाताऱ्यानं रायफल त्याच्या हातात ठेवली. "जशी दिली होतीस तशीच घे," तो म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "दरडीवर एकदा झाडून बघ, मेलिस. मीच सांगतोय, झाडून बघ."

 या गरीब गाईला ऐन वेळी दया येणार, हे मला माहीत असायला हवं होतं.

मेलिस हसला. "रक्त प्यायलेली रायफल दगडावर झाडू? मामा, मला काय तू स्वतःसारखा समजलास? जाता जाता आंधळी करायला बघतोस होय?"

"नको तर नको," म्हातारा म्हणाला.

राखण मेलिसकडे गेली. ओस्मोनचा इलाज नव्हता, रायफल ज्याच्याकडे तो राखणदार. आम्ही दोघं वाट बघत बसलो. पहिल्या लांडग्यावर तो सगळ्यांसमोर चुकेल, मग दुसऱ्यावर चुकेल, गाव हसून हसून मरेल आणि तो रायफल आमच्या अंगणात फेकून जाईल, असा म्हाताऱ्याचा हिशोब होता. माझाही तोच. मी तर फेकायची जागासुद्धा मनात ठरवली होती. पण धुकं आलं, लांडगे वर डोंगरातच राहिले, आणि मेलिस ती रायफल पाठीला लावून न झाडता मिरवत राहिला. एका सकाळी म्हातारा म्हणाला, तोरूला आणि शिंगीला कुरणावरून घरी आणून ठेवतो. शिंगीला तो घेऊनही आला. पण खोपटात गवत बघितलं तर एका जनावराला जेमतेम पुरेल एवढंच होतं, आणि तोरू बर्फ उकरून खाणारी घोडी, तिला वर काही कमी नव्हतं. दोन दिवस थांबू म्हणून तिला तिथेच ठेवली.

पुढचं मला ओस्मोननं सांगितलं, तो त्या दिवशी वर होता. दुपारी धुकं एकदम फाटलं आणि लांडगे कळपात शिरलेलेच दिसले. घोडी पोटुशी असली की मागे पडते, तोरू मागे पडली होती. एका लांडग्यानं तिला मागच्या मांडीला धरलं होतं आणि तो लटकत होता. ती लाथा झाडत होती. तोरूचं तोंड डावीकडे, लांडगा उजवीकडे. शंभर पावलांचं अंतर असेल. ओस्मोन म्हणाला, आरडाओरडा केला असता तरी लांडगा सुटला असता, मांडीची जखम भरून आली असती. पण मेलिसच्या मागे चार माणसं उभी होती आणि ती बघताहेत हे त्याला माहीत होतं. त्यानं नीट बैठक घेतली. लांडग्याच्या मानेवर नेम धरला. नेम चांगला धरला होता, ओस्मोननं शपथेवर सांगितलं.

गोळी दीड वीत डावीकडे गेली. तोरूच्या पोटात, बरोबर जिथे शिंगरू होतं तिथे. लांडगा दचकून सुटला आणि पळून गेला. तोरू पुढच्या पायांवर उठू बघत होती आणि मागचं धड उठत नव्हतं. मांस हराम व्हायला नको म्हणून मेलिसनंच तिचा गळा चिरला.

घसरगाडीवर घालून ती त्यांनी आमच्या अंगणात आणली. सोबत अर्धं गाव. मेलिसच्या कोटाच्या बाह्या रक्तानं भिजलेल्या. तो बोलण्याआधी म्हातारा घोडीपाशी गेला, तिच्या पोटावरचं भोक त्यानं पाहिलं आणि मांडीवरच्या दातांच्या खुणेपासून तिथवर वितीनं मोजलं. एक वीत आणि अर्धी. मी दारातून बघत होते. त्याची ती वीत मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मेलिसनं रायफल बर्फात फेकली. मी मनात ठरवली होती त्याच जागी पडली.

"आंधळी रायफल दिलीस मला."

"जशी दिली होतीस तशीच दिली," म्हातारा म्हणाला. आवाज इतका बारीक की मागच्या माणसांना ऐकू गेला नसेल.

 मेलिस खाली वाकला आणि नळीच्या टोकावरची माशी त्यानं जवळून पाहिली. तिच्या शेजारची सुईची रेघ पाहिली, आणि रेघेवर माशी नेमकी बसलेली पाहिली. इतकाही मूर्ख नव्हता तो. चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मला वाटलं, आता हा ओरडेल, सगळ्यांना सांगेल. पण सांगायचं म्हणजे आपल्याला माशी सरकवता आली नाही हेही सांगावं लागणार. तो सरळ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मामा, हे दुसरं मागणं. शिंगी दे."

अंगणात कुणी हसलं नाही. ओस्मोननं मान खाली घातली. म्हाताऱ्याचा उजवा हात वर गेला, खांद्यापर्यंत, मूठ वळलेला. मेलिसनं गाल पुढे केला. "मार की," तो म्हणाला. "मग बघू नेम कसा धरतोस."

हात खाली आला. म्हाताऱ्यानं स्वतः खोपटात जाऊन शिंगीला सोडून आणलं आणि दोरी मेलिसच्या हातात दिली. घसरगाडीजवळून जाताना शिंगी थांबली, आईला हुंगली आणि खिंकाळली. मेलिसनं तिला ओढत नेलं. ओढ्यापर्यंत ती खिंकाळत होती, पुढचं वाऱ्यात ऐकू आलं नाही.

मांस कापायला शेजारणी आल्या. पोट मी माझ्या हातानं फाडलं, दुसऱ्या कुणाला फाडू दिलं नाही. शिंगरू नर होतं, कपाळावर पांढरा ठिपका. प्रत्येक घराचा वाटा मी काढून दिला, मेलिसच्या घराचाही. तो रिवाज आहे, आणि त्याच्या वाट्याला मी मांडीचा तोच तुकडा घातला ज्यात लांडग्याचे दात रुतले होते.

सगळे गेल्यावर आत आले तर म्हातारा खिडकीपाशी बसला होता. रायफल पुसून मांडीवर घेतलेली. पितळी खिळा, हातोडी. एक हलका टोला, मग आणखी एक. डोळा बारीक करून त्यानं माशी पाहिली आणि पुन्हा एकदा अगदी हलके ठोकली.

माझा संताप आवरेना. मी म्हटलं, "आता कशाला? बैल गेला आणि झोपा केला. काय राखायचं राहिलंय तुमच्या घरात?"

त्यानं खिशातून एक काडतूस काढून खिडकीच्या फळीवर उभं ठेवलं. बाहेर ओढ्यावरून गावाकडे जाणारी वाट दिसत होती, मेलिसच्या घराकडून आमच्याकडे यायला तेवढी एकच वाट आहे.

"त्याचं तिसरं मागणं राहिलंय," तो म्हणाला.

मी चुलीवरच्या पातेल्यात मीठ टाकलं. मग त्याच्या हातांकडे पाहिलं. ते जरासुद्धा कापत नव्हते.